साक्षीची उडी

रविवारी दुपारी काफिला लुटला गेला आणि संध्याकाळचा चहा होईपर्यंत गुन्हेगारही ठरला.

काफिला कॉम्प्युटरवरच्या खेळातला होता, पण माणसं खरी होती. वेगवेगळ्या गावांतली तीसेक माणसं दर रविवारी आपापल्या घरी कानांना हेडफोन लावून बसत आणि एका काल्पनिक सूर्याभोवती जहाजं हाकत. गेले तीन महिने त्यांनी लघुग्रह खणले होते, धातू गाळला होता आणि स्वतःचं बंदर उभारण्याइतका माल जमवला होता. तो माल पिवळ्या ग्रहाजवळच्या खिंडीतून आत न्यायचा होता. खिंड म्हणजे त्या ग्रहाच्या दोन चंद्रांमधली मोकळी वाट. ऐनवेळी काफिला खिंड सोडून लांबच्या वाटेने वळवला गेला, आणि त्या वाटेवर लुटारू दबा धरून बसले होते. एक खिळा उरला नाही.

वळायचा हुकूम ताईने दिला होता. ताई काफिल्याची कप्तान. चाळिशी ओलांडलेली, एका इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामावर असलेली. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. हुकूम का दिला याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. खिंडीत ज्याला पहाऱ्यावर नेमलं होतं तो जागेवर नव्हता. तिने दुर्बिणीतून स्वतः पाहिलं होतं.

तो पहारेकरी तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. काफिल्यात त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत, कारण तो खरोखरच लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी, तिच्यापासून सात तासांच्या अंतरावरच्या एका शहरात. ताई त्याला बाबू म्हणायची.

"मी होतो," बाबू म्हणाला.

"होतो म्हणजे?" हे छापखाना बोलला. काफिल्यातला सगळ्यात तोंडाळ गडी, धंद्यावरूनच पडलेलं नाव. "ताई म्हणते जागा रिकामी होती. एक तर तू नव्हतास, नाही तर ताई आंधळी."

"ताईला मी काही म्हटलेलं नाही. मी होतो एवढंच सांगतोय."

"मग काय, लिफ्टने खाली गेला होतास?"

चार जण हसले. ताई हसली नाही. "बाबू, मी खिंडीबाहेरच्या दीपस्तंभावरून पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटांनी. खिंडीत चिटपाखरू नव्हतं. तुझा पहारा तीन वाजून पाच मिनिटांनी सुरू होत होता."

"तीन-पाचलाच होत होता. आणि मी होतो."

"चोर तो चोर, वर शिरजोर," छापखाना म्हणाला.

पहारा सोडणाऱ्याला काफिल्यातून काढायचं आणि पुन्हा घ्यायचं नाही, असा काफिल्याचा नियम होता. तो ताईनेच केला होता. त्या वेळी तिला नियम कठोर वाटला नव्हता. आता तो सख्ख्या भावावर येऊन बसला होता, आणि तो लागू झाला तर काय तुटेल हे त्या तिसांमध्ये फक्त दोघांना माहीत होतं.

मागच्या थंडीत आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पोचतो असं बाबू म्हणाला होता. तो आला नाही. ताईने एकटीने सह्या केल्या, एकटी बाकावर बसून राहिली. बाबू तिसऱ्या दिवशी फळं घेऊन आला. ताई त्याच्याशी भांडली नाही. तिने फक्त त्याला फोन करायचं सोडून दिलं. त्यानेही केला नाही. त्यानंतर बहीण-भाऊ बोलायचे ते रविवारी, खेळात. "डावीकडून ये." "इंधन आहे का?" "मागे कोण आहे बघ." बोलणं एवढंच, पण दर आठवड्याला न चुकता. बाबूला काफिल्यातून काढलं असतं तर तेही संपलं असतं.

"भांडू नका," डॉक्टर म्हणाले. हे गुरांचे डॉक्टर, साठीतले, आणि काफिल्यात त्यांच्या शब्दाला मान होता. "तीनच्या गोष्टीला चार तास व्हायला अजून वेळ आहे. साक्षीची उडी मारा. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

साक्षीची उडी ही या खेळाडूंचीच रीत. खेळात प्रत्येक जहाजाला आखूड उडी मारता येते. एका ठिकाणी नाहीसं व्हायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या ठिकाणी उगवायचं. ही उडी दुसऱ्या ताऱ्यापर्यंत पोचत नाही. ती एकाच सूर्यमालेपुरती, आणि मोठ्या ग्रहाच्या अगदी जवळ तिला उतरता येत नाही. पण तेवढ्या टापूत ती प्रकाशालाही मागे टाकते. खेळ बनवणाऱ्यांनी ही सूट जहाजांना दिली, प्रकाशाला दिली नाही. तो आपल्या चालीनेच चालतो. वीज दिसते आणि गडगडाट मागून येतो, तसा इथे डोळ्यांना दिसणारा प्रसंगच मागून येतो. चार तासांच्या वाटेवर जाऊन मागे पाहिलं तर चार तासांपूर्वीचं दिसतं. दिसतंय ते किती शिळं आहे हे जहाजाच्या काचेवर कुठे लिहून येत नाही. ते ज्याचं त्याने उमजायचं.

म्हणून तंटा झाला की आरोप करणारा, आरोपी आणि एक साक्षीदार एकाच जहाजात बसत, लांब उडी घेऊन प्रकाशाच्या पुढे जात आणि घडलेली गोष्ट तिथे येऊन पोचण्याची वाट पाहत. दुर्बीण लावायची ती आरोप करणाऱ्याने. वाट पाहताना तंट्याबद्दल अक्षर बोलायचं नाही, बाकी जगाबद्दल हवं ते बोलावं. आणि प्रकाश पोचायच्या आधी जो माघार घेईल तो हरला.

"चला," ताई म्हणाली.

"चल," बाबू म्हणाला. त्याच्या आवाजात घाई होती. ती निर्दोषाची होती की जुगाऱ्याची, हे ताईला कळलं नाही.

ताईचा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर, खिडकीला टेकून ठेवलेला होता. आई शेजारच्या खुर्चीत पाय लांब करून बसली होती. तिचा चार पायांचा वॉकर हाताशी होता आणि त्यावर टॉवेल वाळत घातला होता.

"कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"थिजक्याला."

"ते कुठे आलं?"

"सगळ्यात बाहेरचा ग्रह. नुसता बर्फ."

"येताना भाजी आण," आई म्हणाली आणि पेपर वाचू लागली.

ताईने उडी मारली. पडद्यावरचा पिवळा ग्रह नाहीसा झाला आणि त्या जागी निळसर पांढरा, खडबडीत थिजका आला. सूर्य आता टाचणीच्या डोक्याएवढा दिसत होता. पिवळ्या ग्रहापासून ही जागा प्रकाशाच्या चालीने चार तासांवर होती. दुपारी तीनच्या सुमारास खिंडीत जे घडलं ते इथे संध्याकाळी सातच्या सुमारास पोचणार होतं. सात वाजायला वीस मिनिटं बाकी होती.

"घोडामैदान जवळच आहे," डॉक्टर म्हणाले. "तोवर काहीतरी बोला. मला शांततेत झोप येते. लिफ्टवाले, आज कामाला सुट्टी?"

"सुट्टी कसली डॉक्टर. लिफ्टला रविवार कळत नाही. दुपारीच एक बाई अडकली होती."

"मग?"

"फोनवरूनच सोडवली. वॉचमनला सांगितलं, वरच्या खोलीतलं कोणतं बटण दाबायचं ते. अडकलेल्या माणसाला काय हवं असतं माहीत आहे? बाहेरून कोणीतरी बोलत राहायला हवं. दार उघडायला अर्धा तास लागला तरी चालतो."

"आमच्याकडे उलटं," डॉक्टर म्हणाले. "म्हशीला कितीही बोला, ती लाथ मारतेच."

हेडफोनवर काफिल्यातले बाकीचे सगळे ऐकत होते. त्यांना फक्त ऐकायची मुभा होती, पण छापखान्याचं खुसखुसणं त्यातूनही आलं.

ताई बोलण्यात नव्हती. ती दुर्बीण लावत होती. दुर्बिणीला दोन आकडे द्यावे लागतात: पाहायची गोष्ट कधी घडली आणि ती किती लांब घडली. त्यावरून ती गोष्ट इथे कधी दिसेल हे दुर्बीणच सांगते. अंतराच्या जागी तिने चार तास लिहिले. घडल्याच्या वेळेच्या जागी तीन-दहा लिहिले आणि बटण दाबायला बोट उचललं.

बोट तसंच राहिलं.

तीन-दहा ही खिंडीतली वेळ नव्हती. ती दीपस्तंभावरची वेळ होती. तिच्या स्वतःच्या घड्याळातली.

आखूड उडीला पिवळ्या ग्रहाजवळ उतरता येत नाही. सगळ्यात जवळची उतरायची जागा दीपस्तंभ, आणि तो खिंडीपासून प्रकाशाच्या आठ मिनिटांवर. काफिल्यात पोरासोरालाही हे पाठ होतं. तीन-दहाला दीपस्तंभावर उभं राहून तिने जी रिकामी खिंड पाहिली ती तीन वाजून दोन मिनिटांची होती. तीन वाजून दोन मिनिटांनी खिंड रिकामीच असायला हवी होती. पहारेकऱ्याने वेळेआधी तिथे रेंगाळायचं नाही, नाही तर लुटारूंना वाटेचा सुगावा लागतो, हेही तिनेच ठरवलं होतं.

तिने आकडे पुन्हा मांडले. त्यात मांडण्यासारखं काही नव्हतं. दहातून आठ गेले, दोन.

नवा माणूस काफिल्यात आला की ताई त्याला पहिल्याच दिवशी बजावायची: उडी मारली की आधी वजाबाकी कर, मग काचेतून बघ. ती दीपस्तंभावरून पाहिलं म्हणाली, तेव्हा तिसांतल्या एकालाही शंका आली नाही. ताईने वजाबाकी केलीच असणार. बाबूलासुद्धा शंका आली नाही. इस्पितळात ती रोज पन्नास हाडांची चित्रं काढायची, आणि तिथे यंत्र प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तारीख-वेळ आपणहून छापायचं. इथे ते काम तिचं होतं. ती ते विसरली नव्हती. तिला त्याची गरजच वाटली नव्हती. दुर्बिणीतून रिकामी जागा दिसली आणि तिच्या मनात पहिलं वाक्य आलं ते, "आलाच नाही ना शेवटी." ते वाक्य आधीपासून तयार होतं. थंडीपासून.

"ताई, लागली का दुर्बीण?" डॉक्टरांनी विचारलं.

"लावते."

"लाव सावकाश. वरातीमागून घोडं येतंय, ते आपल्यासाठी पळणार नाही."

ताईने तीन-दहा खोडून तीन-पाच लिहिलं आणि बटण दाबलं. सात वाजून पाच मिनिटं, असं दुर्बिणीने दाखवलं. बाकीच्यांना यात काही वावगं दिसण्याचं कारण नव्हतं. अजून पंधरा मिनिटं होती. पंधरा मिनिटांनी पडद्यावर बाबूचं जहाज दिसलं असतं, तर आठ मिनिटांचा हिशोब कोणीतरी केलाच असता. नाही आलं, तर तिची चूक कधीच उघडी पडली नसती. रिकामी खिंड तीन-दोनची असो की तीन-दहाची, रिकामी ती रिकामी. तीन महिन्यांच्या कष्टाचं खापर बाबूच्या डोक्यावर कायमचं फुटलं असतं. क्षणभर आपल्याला तेच हवं आहे, हे ताईला स्पष्ट जाणवलं. भाऊ गुन्हेगार ठरला तर ती कप्तान राहत होती.

"आई कशी आहे?" बाबूने विचारलं.

हा प्रश्न त्याने गेल्या कित्येक महिन्यांत विचारला नव्हता. तंटा सोडून काहीही बोलायची मोकळीक होती, म्हणून विचारला असावा.

"बरी आहे. घरातल्या घरात चालते."

"जिना?"

"जिना नाही अजून."

"डॉक्टर," बाबू म्हणाला, "बाकीच्यांचे कान जरा बंद करता येतील?"

"येतील. माझेही करू?"

"तुमचे राहू द्या. तुम्ही गुरांचे डॉक्टर, तुम्हाला चालतं."

डॉक्टरांनी बाकीच्यांचा आवाज तोडला. छापखान्याचा निषेध अर्ध्यात कापला गेला.

"ताई, तेव्हा मी आलो नाही," बाबू म्हणाला. "कामाचं निमित्त सांगितलं होतं. काम होतं, पण माझ्या जागी दुसरा माणूस मिळत होता. मी सांगितलंच नाही त्याला. बसस्टँडवर गेलो, तिकीट काढलं, परत आलो. मला आईला तशी बघायची नव्हती. बाबा गेले तेव्हा पाहिलं होतं ना मी. तू बाहेर होतीस, मी आत होतो."

ताईने आईकडे पाहिलं.

"ते खरं आहे. त्याचं तू मला काय म्हणशील ते म्हण. पण ते आणि हे, दोन्हीची बेरीज करू नकोस. आज मी..." तो थांबला. "तंट्याबद्दल बोलायचं नाही. राहू दे."

"लिफ्टवाले, रीत पाळली, बरं वाटलं," डॉक्टर म्हणाले.

आईने पेपर खाली केला. हेडफोनमुळे तिला बाबूचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण मुलीचा चेहरा दिसत होता. "काय झालं? बर्फात पडलीस?"

"नाही ग."

ताईने पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाली, "डॉक्टर, सगळ्यांचे कान उघडा. मी माघार घेते."

"काय?"

"उघडा म्हटलं ना."

कान उघडले. ताईने सांगितलं. इस्पितळात ती रोग्याला "श्वास रोखा, हलू नका, सोडा" असं सांगायची, त्याच सुरात. मी तीन-दहाला पाहिलं. दीपस्तंभावरून पाहिलं. वजाबाकी केली नाही. मला दिसली ती तीन-दोनची खिंड होती. त्या वेळी बाबूने तिथे असायला नकोच होतं. काफिला मी वळवला. माल माझ्यामुळे गेला.

"म्हणजे," छापखाना म्हणाला, "तीन महिने आम्ही दगड फोडले..."

"हो."

"आणि तू दहातून आठ वजा केले नाहीस."

"नाही केले."

"ताई, मला याच वजाबाकीवरून तू पहिल्या आठवड्यात काफिल्याबाहेर बसवलं होतंस. अख्खा रविवार."

"बसवलं होतं."

"मी त्या दिवशी बायकोच्या माहेरच्या लग्नाला गेलो नव्हतो, या खेळापायी. बाहेर बसून नुसते तारे मोजले." तो चिडला होता, पण त्याच्या बोलण्यात धक्काच जास्त होता. "एक सांग. तुला शंका आली होती तर लिफ्टवाल्याला विचारायचं."

"वाटेवर असताना आवाज बंद असतो, जवळच्यांना नुसत्या दिव्याच्या खुणा. लुटारू ऐकतात."

"फोन होता की! सख्खा भाऊ तुझा. एक फोन. 'कुठे आहेस रे?' संपलं."

याला ताईकडे उत्तर होतं, पण ते तिसांना द्यायचं नव्हतं. फोन टेबलावर, पाण्याच्या ग्लासाजवळ होता. दुपारीही तिथेच होता.

"रीतीप्रमाणे माघार घेणारा हरतो," डॉक्टर म्हणाले. त्यांना हे बोलणं जड जात होतं. "तंटा निकाली. लिफ्टवाला निर्दोष. ताई, जहाज वळव, परत जाऊ."

"वळवू नका," बाबू म्हणाला.

"अरे, जिंकलास तू."

"मला बघायचंय."

"ती माझी चूक होती म्हणून सांगितलं ना मी," ताई म्हणाली. "आता काय बघायचंय? माझा शब्द पुरत नाही का?"

"तुझा शब्द पुरतो. माझा पुरत नाही." बाबू म्हणाला. "मघाशी सांगितली ना, ती बाई अडकलेली. तो फोन तीनला आला. मी जहाजाला खिंडीचं ठिकाण देऊन ठेवलं, त्याचं ते जाईल म्हटलं, आणि उठून गॅलरीत गेलो. परत येऊन बसलो तेव्हा तीन-बारा झाले होते आणि जहाज खिंडीत उभं होतं. ते कधी पोचलं, मला माहीत नाही. मी आपलं म्हटलं, होतो."

"अरे चोरा!" छापखाना ओरडला, आणि या वेळी तो हसत होता. "दोघांची एकच जात. एक न मोजता सांगते, दुसरा नसताना असतो."

"थांबू या," ताई म्हणाली.

थांबले. सात वाजले. दुर्बिणीत खिंड दिसत होती: दोन करडे चंद्र आणि मधली काळी फट. दुपारी तीनची. सात-दोनला ताईने दुपारी पाहिलेलं दृश्य पुन्हा पाहिलं, तंतोतंत तेच, रिकामं. त्यात कोणाचा अपराध दिसत नव्हता. नुसती फट होती.

सात-पाच झाले. फट रिकामीच.

बाबूच्या बाजूने खुर्ची करकरली.

सात-सहा होता होता डाव्या चंद्राच्या कडेवरून एक ठिपका सुटला, फटीच्या मधोमध आला आणि स्थिर झाला.

"आलो," बाबू म्हणाला. त्याने दुसऱ्या कोणाची तरी वर्दी द्यावी तसं ते म्हटलं.

"एक मिनिट उशीर," छापखाना म्हणाला. "फाशी द्या."

"काफिला साडेतीनला पोचणार होता," डॉक्टर म्हणाले. "एका मिनिटाने म्हैस मरत नाही. साक्ष झाली. पहारा होता."

बाकीचे बोलू लागले. पुन्हा खणायला कधी सुरुवात करायची, लुटारूंनी माल कुठे नेला असेल, कप्तान कोण. डॉक्टरांचं नाव पुढे आलं आणि त्यांनी आढेवेढे घेत घेत ते मान्य केलं. ताईला बाहेर बसवावं का, यावर छापखाना म्हणाला, "एक रविवार. माझ्या रविवाराच्या बदल्यात." ते मंजूर झालं. ताईने मान्य केलं. एकेक आवाज उतरत गेला. डॉक्टरांना कुणाच्या तरी गोठ्यातून बोलावणं आलं.

जहाजात बहीण-भाऊ उरले. दुर्बीण तशीच चालू होती.

सात-तेराच्या सुमारास ठिपक्यावरचा दिवा उघडझाप करू लागला. दोन लांब, एक आखूड. वाट मोकळी आहे, या, अशी खूण. काफिला ज्या बाजूने येणार होता त्या बाजूला तोंड करून जहाज ती खूण देत होतं. त्या बाजूला काहीच नव्हतं. काफिला एव्हाना ताईच्या हुकमावरून लांबच्या वाटेला लागला होता.

"हे कोण करतंय?" ताईने विचारलं. "हेही आपोआप?"

"नाही. तोवर मी आलो होतो."

दिवा थांबला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मध्ये एकदा जहाज थोडं पुढे सरकून पुन्हा जागेवर आलं, जणू वाकून पाहिलं. पुन्हा दोन लांब, एक आखूड.

"किती वेळ होतास असा?"

"लुटले गेले असं हेडफोनवर ऐकू येईपर्यंत. पाऊण तास असेल." बाबू थोडा हसला. "मला वाटलं, काफिल्याला उशीर झाला. तू कधी उशीर करत नाहीस, म्हणून काळजी वाटली. म्हटलं फोन करावा."

"मग?"

"मग नाही केला."

ताईने दुर्बीण बंद केली नाही. जे घडून गेलं होतं ते बघत ती बसली. तिला बाबूला काहीतरी सांगावंसं वाटलं. बाबांच्या वेळी तू आत होतास हे मला ठाऊक नव्हतं, असं. पण तेवढं लांब वाक्य त्या दोघांना एकमेकांशी बोलायची सवय राहिली नव्हती.

"बसचं तिकीट काढून परत आलास?" तिने विचारलं.

"हो."

"आम्हाला सांगायचंस."

"काय सांगणार? भ्यायलो म्हणून?"

"हो. तेच सांगायचं."

बाबू म्हणाला, "पुढच्या रविवारी मी खेळणार नाही."

"का? डॉक्टर कप्तान आहेत आता. तुला कोणी काही बोलणार नाही. मी तर बाहेरच बसणार आहे."

"ते नाही ग. तिकडे येतोय. आईला भेटायला. तुझ्याकडे कुठे दोन कॉम्प्युटर आहेत?"

यावर "नक्की?" असं विचारायचं ताईच्या जिभेवर आलं होतं. बाबू तेव्हाही येतो म्हणाला होता, आणि बसस्टँडवरून परत गेला होता. या वेळी काय होईल हे पाहायला जाऊन उभं राहावं अशी जागा कुठेच नव्हती. पुढे घडायचं आहे ते कितीही लांब उडी मारली तरी दिसत नाही.

"सकाळची बस घे," ती म्हणाली. "रात्रीची गाडी रस्त्यात बंद पडते."

"बरं."

"आणि फळं आणू नकोस. ती खात नाही. सगळी मला खावी लागली."

"सगळी?"

"पाच किलो होती, बाबू."

तो मोठ्याने हसला, आणि मग कोणीच नीट निरोप न घेता दोघांनी खेळ बंद केला. ताईने हेडफोन काढले. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बाबू येतोय म्हणतो. रविवारी," तिने आईला सांगितलं.

आईने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणतो ना?"

"हो."

"मग तो दारात उभा राहील तेव्हा मला सांग," आई म्हणाली, आणि वॉकरवरचा टॉवेल काढून घड्या घालू लागली. दोन घड्या झाल्यावर ती थांबली. "आतल्या पलंगावर तुझ्या इस्त्रीच्या कपड्यांचा डोंगर आहे. झोपणार कुठे तो?"

ताई उठून आतल्या खोलीत गेली.